मास्तराला मर्सिडीज कशाला?

जुनी मर्सिडीज घेणाऱ्या माणसाकडे लोक साधारण दोनच नजरांनी बघतात. एक तर हा वेडा आहे, नाहीतर याला कुठून तरी घबाड मिळालं आहे. तो माणूस उर्दू हायस्कूलात मराठी आणि उर्दू शिकवणारा, पगाराच्या तारखेकडे डोळे लावून बसणारा मास्तर असेल आणि वर मुसलमान असेल, तर तिसरीही एक नजर असते. ती कोणती हे इथे लिहीत नाही. ज्यांनी ती झेलली आहे त्यांना माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी मी १९९६ सालची मर्सिडीज ई २२० घेतली. कारखान्याच्या भाषेत या पिढीच्या गाडीला डब्ल्यू १२४ म्हणतात. तेव्हापासून सल्ले, टोमणे आणि दुवा असं सगळं मिसळून मिळतं आहे. मिरजेत आमच्या स्टाफरूममध्ये, जुम्म्यानंतर मस्जिदीच्या पायऱ्यांवर, लग्नाच्या जेवणात, सगळीकडे प्रश्न एकच : मास्तराला मर्सिडीज कशाला? विचारणाऱ्यांत आपलेही आहेत आणि बाहेरचेही. त्यामुळे माझं भांडण दोन्हीकडे आहे, आणि ते आज एकदाच भांडून घेतो.

आधी घरचं.

"सर, हा इस्राफ नाही का?" असं मला एका साहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं. इस्राफ म्हणजे उधळपट्टी, गरजेबाहेर उडवलेला पैसा. प्रश्न रास्त आहे, म्हणून हिशेब मांडतो. मी दिलेल्या पैशांत आज शोरूममधली सगळ्यात लहान गाडीही घरी येत नाही. पैसे रोख दिले, हप्ता नाही, व्याज नाही. गाडीची किंमत जी पडायची होती ती आधीच्या मालकांच्या खिशातून पडून गेली होती, माझ्या वाट्याला फक्त गाडी आली. विचारणाऱ्या साहेबांच्या दारात उभी आहे ती गाडी सात वर्षांच्या हप्त्यावर आहे. पाचव्या वर्षी ते ती बदलणार आहेत, कारण नव्या मॉडेलच्या छताला काच आहे. व्याजावरची तकरीर ऐकताना आपण मान डोलवतो आणि बँकेच्या मॅनेजरसमोरही तशीच मान डोलवतो. ज्या निकाहात मेहर उधार असतो आणि डेकोरेशन रोख असतं, नवरदेवासाठी तासाच्या भाड्याने लांबलचक पांढरी गाडी येते, तिथे इस्राफ हा शब्द कुणाच्या तोंडून निघत नाही. तो मास्तराच्या तीस वर्षं जुन्या गाडीसाठी राखून ठेवलेला असतो.

पेट्रोल जास्त खाते, हे मान्य. गावात लिटरला आठ किलोमीटर, हायवेला अकरा-बारा. म्हणून मी ती शाळेत नेत नाही. शाळा दीड किलोमीटरवर आहे, तिथे सायकल पुरते. ही गाडी निघते ती आजोळी रत्नागिरीला जायला, अम्मीला दवाखान्यात न्यायला, कुणाच्या मय्यतीला चार माणसं घेऊन धावायला. मोठं डबडं, पाच माणसं आरामात, मागे सामान. एवढ्यासाठी लोक आज पंधरा-पंधरा लाख मोजतात.

आता या गाडीत असं काय आहे ते सांगतो, कारण नुसत्या चांदणीवर भाळलेल्यांशीही माझं पटत नाही. डब्ल्यू १२४ ही १९८४च्या अखेरीस आली. त्याआधीची डब्ल्यू १२३ दणकट म्हणून जगभर नावाजलेली होती, तिच्या जागी ही. आकार दिला ब्रूनो साको यांच्या हाताखालच्या मंडळींनी. साको जन्माने इटालियन, पण मर्सिडीजच्या डिझाइनची धुरा त्यांनी १९७५ पासून वाहिली. ही गाडी चौकोनी दिसते म्हणून लोक तिला पेटी म्हणतात, आणि इथेच फसतात. हवेला होणारा तिचा विरोध ०.३०च्या आसपास आहे. तिच्यानंतर कितीतरी वर्षांनी आलेल्या कितीतरी गोल गरगरीत गाड्यांनाही हा आकडा जमला नव्हता. पुढच्या काचेवर वायपर एकच आहे, पण तो नुसता कंपासासारखा फिरत नाही. फिरता फिरता कोपऱ्याकडे लांब होतो आणि मध्यावर आखडतो, त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. जुलै महिन्यात आंबा घाटात धुक्यात आणि पावसात तो एकटा हात ज्या शांतपणे काम करतो ते बघत राहावं. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांची जोडणी आहे. घाटाच्या वळणात मागची सीट हलत नाही, अम्मीची झोप मोडत नाही, हे त्या दांड्यांचं काम.

पण मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळी आहे. या गाडीचं बॉनेट दोन टप्प्यांत उघडतं. पहिल्या टप्प्यात ते नेहमीसारखं तिरकं राहतं. दुसऱ्या टप्प्यात ते सरळ काटकोनात, भिंतीसारखं उभं राहतं. मालकाला याचा काडीचा उपयोग नाही, मालक पाणी-तेल बघतो आणि बंद करतो. काटकोनात उभं बॉनेट लागतं ते मिस्त्रीला. त्याला दोन्ही बाजूंनी इंजिनावर वाकता यावं, डोकं आपटू नये, उजेड पडावा, म्हणून ते तसं केलं आहे. समोरच्या डायलमध्ये ऑइलच्या दाबाचा काटाही आहे. आजकालच्या गाडीत त्या जागी लाल दिवा असतो, तो पेटेपर्यंत इंजिनाची वाट लागलेली असते. काटा असला की इंजिनाची तब्येत रोज कळते. ज्यांनी ही गाडी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता, हात काळे झालेला, आणि त्यांनी त्याची सोय पाहिली. माझं सगळं म्हणणं या एका बॉनेटवर उभं आहे.

कारण या गाडीची चर्चा जिथे जिथे होते तिथे तो काळ्या हातांचा माणूस गायब असतो. "जर्मन क्वालिटी" म्हणतात आणि थांबतात. जणू गाडी जर्मनीच्या हवेतच उगवते. १९६१ मध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानाशी करार करून कामगार मागवले. त्या आणि तशाच करारांनी आलेल्या माणसांनी जर्मनीचे मोटार कारखाने चालवले, डाइमलर-बेंझचेही. ज्या हातांनी ती दारं बसवली, ज्या दाराच्या आवाजावर लोक फिदा असतात, त्या हातांतले किती हात अनातोलियाच्या खेड्यांतून आले होते याचा विचार करा. आणि माझी गाडी तर तिथलीही पूर्ण नाही. डाइमलर-बेंझ आणि टेल्को यांनी १९९४ मध्ये भागीदारीत कंपनी काढली, आणि १९९५ पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात डब्ल्यू १२४ जुळवली जाऊ लागली. म्हणजे चिंचवडच्या, भोसरीच्या पोरांनी जुळवलेली गाडी. त्याच वर्षी जर्मनीत पुढची पिढी, डब्ल्यू २१०, बाजारात आली होती. तेव्हा इथे लोक नाक मुरडत होते की जर्मनांनी आपल्या गळ्यात जुना माल मारला. आज गंमत बघा. ती नवी डब्ल्यू २१० पत्र्याच्या गंजासाठी बदनाम झाली आणि "जुना माल" अजून रस्त्यावर आहे.

रस्त्यावर आहे तो कुणामुळे? ग्रीसमध्ये थेस्सालोनिकीचे एक टॅक्सीवाले होते, ग्रेगोरिओस साखिनिदिस. त्यांनी १९७६ची २४० डी, म्हणजे आणखी एक पिढी जुनी मर्सिडीज, ४६ लाख किलोमीटर चालवली. २००४ मध्ये कंपनीने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. ४६ लाख! हा आकडा लोक कंपनीच्या मोठेपणाचा दाखला म्हणून सांगतात. पण त्या गाडीची इंजिनं पुन्हा पुन्हा उतरवून, दुरुस्त करून बसवली गेली तेव्हा ती तिथवर पोचली. मोरोक्कोत जुन्या डिझेल मर्सिडीज वर्षानुवर्षं गावोगावच्या टॅक्सी म्हणून धावल्या, सहा-सहा प्रवासी कोंबून. तिथे कुठलं झगमगीत सर्व्हिस सेंटर होतं? माझे एक मामू रत्नागिरीहून कुवेतला ड्रायव्हर म्हणून गेले होते. १९९० मध्ये इराकने कुवेत गिळलं तेव्हा ते अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानाने परतले, हातात एक बॅग. मालकाचं नाव ते कधीच काढत नाहीत, पण मालकाच्या मर्सिडीजचं इंजिन सकाळी कसं सुरू व्हायचं ते आजही तोंडाने आवाज काढून दाखवतात. मी गाडी घेतली तेव्हा मोहल्ल्यात मनापासून खूश झालेला तो एक माणूस होता.

आता बाहेरचं भांडण. आपल्याला "पंक्चरवाले" म्हणतात. मोबाईल उघडला की दिवसातून दोनदा तरी तो शब्द दिसतो. शिवी म्हणून वापरतात. गंमत म्हणजे जुन्या मर्सिडीजचे फोटो टाकून उसासे सोडणाऱ्यांतही हा शब्द तितक्याच सहज वापरणारे भेटतात. मी गाडी शोधत होतो तेव्हा पुण्यातल्या एका गृहस्थांनी त्यांची गाडी दाखवली. अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, "आम्ही कधी कुठल्या मिस्त्रीला हात लावू दिला नाही हो, सगळं कंपनीत." बरोबर आणलेले आमचे मिस्त्री काही बोलले नाहीत. खाली सरपटत गेले, टॉर्च मारला आणि मला बोलावलं. जॅक लावायच्या जागेजवळ पत्र्याला वेल्डिंगचं ठिगळ होतं, त्यावर काळा रंग मारलेला. कुणीतरी निगुतीने केलेलं काम होतं ते. त्या कुणालातरी गृहस्थांनी पैसे दिले असणार, पण नाव त्यांच्या आठवणीत नव्हतं, आणि ते ठिगळ होतं म्हणून त्यांची गाडी उभी होती. ती गाडी मी घेतली नाही. दुसरी घेतली, तिच्या मालकाने फाइल काढून दिली तेव्हा पहिल्या पानावर गॅरेजवाल्याचा नंबर होता.

आमचे मिस्त्री कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बसतात. शाळा सातवीत सुटली. आज पन्नाशी ओलांडली आहे, पोरं त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. गाडी घेतल्यावर तिसऱ्या महिन्यात इंजिन उभ्या जागी थरथरू लागलं, कधी चालू, कधी बंद. एका मोठ्या वर्कशॉपने कॉम्प्युटर लावला आणि तीन वेगवेगळे महागडे पार्ट बदलायची यादी दिली. उस्तादांनी काही लावलं नाही. इंजिनावरून जाणारी एक वायर दोन बोटांत धरून चोळली. वरचं आवरण कांद्याच्या वाळक्या सालीसारखं गळून पडलं आणि आतली तांब्याची तार उघडी झाली.

ही या गाडीची जगजाहीर दुखरी नस आहे, आणि अंधभक्तांनी ती ऐकून घ्यावी. १९९०च्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत कंपनीने इंजिनाच्या वायरिंगला असं आवरण वापरलं जे पर्यावरणात विरून जावं. भावना उत्तम. पण ते इंजिनाच्या उष्णतेने गाडीतच विरू लागलं. तारा एकमेकींना टेकतात, चुकीचे निरोप जातात आणि वेळेवर पाहिलं नाही तर महागडे कॉम्प्युटर जळतात. म्हणजे "तेव्हाचे जर्मन कधी चुकत नसत" ही पोथी बंद करा. चुकत होते. फरक इतकाच की त्यांनी केलेली चूक सापडू शकते, उकलू शकते आणि एका माणसाला दुरुस्त करता येते. उस्तादांनी सगळा जुडगा बाहेर काढला, लाकडी फळीवर खिळे ठोकून त्यावर जसाच्या तसा पसरला, आणि एक-एक तार मोजून, रंग जुळवून, उष्णता सोसणाऱ्या नव्या वायरीने पुन्हा बांधला. जुने प्लग तेच, तारा नव्या. चार दिवस लागले. दोन शागिर्द शेजारी उभे राहून बघत होते, आणि उस्ताद दर तारेला सांगत होते की ही कुठून येते आणि कुठे जाते. एवढं नीट शिकवणं मी बी.एड.च्या पाठनिरीक्षणातही फार वेळा पाहिलं नाही. नव्या जुडग्याची कंपनीकडची किंमत ऐकली होती. त्याच्या पाव भागात काम झालं, आणि ते पैसे कोल्हापुरातच राहिले.

तर "पंक्चरवाले" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर साधं आहे. तुमच्या आवडत्या गाडीला जगवतो तो हाच माणूस आहे. तो कुर्ल्याच्या पार्टबाजारात आहे, दिल्लीच्या काश्मिरी गेटला आहे, उद्यमनगरात आहे. त्यात मुसलमान आहेत, लोहार-सुतार आहेत, शीख आहेत, नाव काय ते गाडीला कळत नाही. त्याचा तिरस्कार करायचा असेल तर गाडीवरचं प्रेमही राहू द्या. ते प्रेम खोटं आहे.

पण हे बोट बाहेर दाखवलं की तीन बोटं आपल्याकडे वळतात, ती लपवून चालणार नाही. "अभ्यास कर, नाहीतर गॅरेजात जाशील." हे वाक्य कुठल्या शत्रूचं नाही. ते आपल्या घरात, आपल्या मदरशात, आपल्या शाळांत रोज बोललं जातं. आमच्या स्टाफरूममध्ये तर ते तोंडपाठ आहे. मागच्या वर्षी नववीच्या वर्गात फॉर्म भरून घेताना एका मुलाने वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात "बिझनेस" लिहिलं. वडील गिअरबॉक्सचे कारागीर, आसपासच्या तीन तालुक्यांतून त्यांच्याकडे ट्रक येतात. मी विचारलं, बेटा, काय बिझनेस? तो खाली बघत राहिला. हे त्याला कुणी शिकवलं? ट्रोल करणाऱ्यांनी नाही शिकवलं. ते आपण शिकवलं. बाहेरच्याने शिवी दिली की आपण चिडतो आणि घरी तीच शिवी पोराला भीती म्हणून घालतो.

जर्मनीत या कामाला माइस्टर नावाची पदवी आहे. शाळा संपली की पोरगा कारखान्यात किंवा गॅरेजात उमेदवारी करतो, त्याच आठवड्यात काही दिवस वर्गात बसतो, परीक्षा देतो, पुढे अनुभव घेऊन माइस्टर होतो आणि मग त्याच्या हाताखाली दुसरे शिकतात. उस्ताद-शागिर्दच आहे हे, फक्त त्याला कागद आहे आणि समाजात मान आहे. आपण त्यांची गाडी आणली, चांदणी आणली आणि माइस्टर तिथेच ठेवून आलो. आपल्याकडेही आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. अनुभवाने शिकलेल्या कारागिराचं कौशल्य तपासून प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारच्या कौशल्य योजनेत आहे. आपल्या तालीम कमिट्या आणि जमाती दरवर्षी दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार करतात. शाल घालतात, ट्रॉफी देतात. त्या मंचावर एकदा तरी एखाद्या गिअरबॉक्सवाल्याला बसवलंय? निदान त्या प्रमाणपत्राचे फॉर्म भरून द्यायला एक दुपार काढलीय?

तिसरं भांडण सरकारशी, आणि तेही याच गोष्टीचं आहे. आपल्याकडे गाडीची लायकी तिच्या जन्मतारखेवरून ठरवायची सवय लागली आहे. दिल्ली आणि आसपास दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन नको, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. जुलै २०२५ मध्ये तिथल्या पंपांवर अशा गाड्यांना इंधन बंद केलं आणि चार दिवसांत ओरड होऊन ते थांबवावं लागलं. कोर्टकचेरी त्यानंतरही चालूच आहे. महाराष्ट्रात तशी बंदी नाही, पण पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग आहे, पर्यावरण कर आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीची नोंदणी नवी करायची फी १०,००० रुपये झाली आहे. बाहेरून आयात केलेली असेल तर ८०,०००. बरं झालं माझी पिंपरीची आहे!

धूर ओकणारी गाडी बंद करा, मी स्वतः सही करतो. दम्याची पोरं माझ्याही वर्गात आहेत. पण धूर मोजा, वय काय मोजता? नळीत यंत्र घाला, ब्रेक तपासा, पत्रा ठोकून बघा, नापास झाली तर उभी करा. जर्मनीत हेच करतात. तिथे गाडी दर दोन वर्षांनी कडक तपासणीला जाते, मग ती पाच वर्षांची असो की पन्नास. आणि तीस वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात नीट राखलेली गाडी असेल तर १९९७ पासून तिला एच अक्षराची वेगळी नंबर प्लेट मिळते, ठरावीक सवलतीचा कर लागतो आणि शहरांच्या पर्यावरण क्षेत्रांतही तिला जाता येतं. तज्ज्ञाने तपासून दाखला दिल्याशिवाय ती प्लेट मिळत नाही, हे महत्त्वाचं. आपल्याकडेही २०२१ मध्ये जुन्या वाहनांचे नियम आले, पण वयाची अट पन्नास वर्षं. शिवाय ती गाडी रोजच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शनाला आणि रॅलीला न्यायची. म्हणजे पंधरा ते पन्नास या वयात गाडीने काय करायचं? पस्तीस वर्षं फी भरत लपून राहायचं आणि मग एकदम राजवाड्यातल्या रोल्स रॉइसच्या शेजारी उभं राहायचं? हा कायदा ज्याच्याकडे गाडी झाकून ठेवायला मोठी जागा आहे त्याच्यासाठी लिहिला आहे. माझी गाडी २०२६ मध्ये तीस वर्षांची होते. मला रॅली नको, फेटा बांधून फोटो नको. तपासा, पास करा आणि आंबा घाटातून जाऊ द्या, इतकंच मागणं.

वर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. १९९६च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. उस्तादांनी सगळ्या नळ्या बदलून दिल्या. नियम दिल्लीत बदलतो आणि त्याचा तोडगा उद्यमनगरात निघतो, हे आता नेहमीचं झालं आहे.

हल्ली आणखी एक जमात वाढली आहे, गाडीला इन्व्हेस्टमेंट म्हणणारी. जुन्या डब्ल्यू १२४ उचलायच्या, रंग मारायचा, कव्हर घालून ठेवायच्या आणि भाव चढला की विकायच्या. या लोकांमुळे चांगल्या गाड्या वापरणाऱ्याच्या हातातून चालल्या आहेत. उभी राहिलेली गाडी मरते. सील वाळतात, टाकी आतून गंजते, ब्रेक चिकटतात. चालवायची नसेल तर घेऊ नका, दुसऱ्या कुणाच्या अम्मीला तरी घाटातून झोपून जाऊ द्या.

आणि हे सगळं वाचूनही ज्यांना घ्यायची इच्छा आहे, आणि असे दोन-तीन जण मला विचारतात, त्यांच्यासाठी. रंगावर जाऊ नका, रंग कुणीही मारतो. मिस्त्रीला बरोबर न्या आणि गाडी घेतली नाही तरी त्याची दिवसाची मजुरी द्या. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा. मालकाने तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा पिऊन या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. ऑइलचा काटा सुरू केल्याबरोबर वर जातो की नाही बघा. वायरिंगचं आवरण बोटाने चोळून बघा. जुडगा बदलला आहे असं सांगितलं तर पावती मागा. ऑइलमध्ये पाणी, पाण्यात ऑइल, म्हणजे हेड गॅस्केट गेलं. जॅकच्या जागा, पुढच्या चाकांवरचा पत्रा, डिकीतल्या स्टेपनीखालचा तळ इथे टॉर्च मारा. गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे वेगळे काढून ठेवा, पहिल्या वर्षात लागतील. नसतील तर थांबा, कर्ज काढून जुनी गाडी घेऊ नका. आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा, पासिंगची तारीख बघा, दुसऱ्या जिल्ह्यातली असेल तर त्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय बयाणा देऊ नका.